बेचाळीस नोंदी आणि एक मी

...आणि वर मलाच म्हणतात, "पूनम, जरा शांतपणे घे!" शांतपणे? अहो, तुम्ही घर बदलताय, सामान टेम्पोत भरून झालंय, जुन्या घराला स्वतःच्या हातानं कुलूप लावलंय, आणि तुमचाच बाप मागच्या दारानं आत शिरून तिथं त्रेचाळीस पाहुणे जेवायला बसवतोय, तर तुम्ही घ्याल शांतपणे? परक्यानं केलं असतं ना, तर हसून सोडलं असतं मी!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. आमच्याकडच्या जुन्या गावकऱ्यांचं एक वधू-वर मंडळ आहे, संत तुकाराम नगरात. अध्यक्ष ज्योतीराम तात्या, आणि चिटणीस सोपानराव, म्हणजे आमचे अण्णा, म्हणजे माझे जन्मदाते वडील. हे 'जन्मदाते' लक्षात ठेवा. मंडळाची वेबसाइट आहे. आधी सभासद व्हायचं, आपल्या मुलाची-मुलीची माहिती भरायची, मग बाकीच्यांची स्थळं बघायला मिळतात. अठराशे साठ सभासद! आणि एवढा सगळा पसारा कुठल्या सर्व्हरवर? तर कुणाच्या तरी भाच्यानं कधीकाळी पकडून दिलेल्या, सगळ्यात स्वस्तातल्या. मुलाचा फोटो उघडायला लावला की आधी कपाळ यायचं... मग चहा व्हायचा... मग नाक यायचं. हनुवटी येईपर्यंत मुलाचं दुसरीकडे जमलेलं असायचं!

मी म्हटलं, हे मी बदलते. एक वर्ष मागे लागले होते हो! कमिटीत सरासरी वय अडुसष्ट. "सर्व्हर कशाला बदलायचा? चालतोय की!" चालतोय? तात्या, तुमचा गुडघाही चालतोय, जिना चढता का? शेवटी एकदाचे तयार झाले. नवीन कंपनी शोधली मी, तीही नुसती जागा भाड्यानं देणारी नाही, राखण, दुरुस्ती, रोज सगळ्याची एक नक्कल जपून ठेवणं, सगळं तेच बघणार. तिथं माझी मैत्रीण उझ्मा कामाला. ताथवड्याच्या कॉलेजात एकाच बाकावर बसून इंजिनिअरिंग केलं आम्ही.

आता माझा यात काय स्वार्थ? आहे ना! अण्णांनी देवघरासमोर उभं राहून सांगितलं होतं, "पोरी, ही बदली नीट पार पाडलीस, अन् मंडळानं येबसाइटचं काम तुझ्याकडं कायमचं दिलं, तर दोन वर्षं ह्या घरात तुझ्या लग्नाचा शब्द निघणार न्हाई." दोन वर्षं! स्वतःचं काम, स्वतःचं मानधन, आणि रोज जेवताना "अमक्याच्या मुलीचं जमलं" हे ऐकणं बंद! मी तर हो म्हणता म्हणता लॅपटॉप उघडला.

उझ्मानं बजावलं, "पूनम, एकच गोष्ट नीट ऐक. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळ्याची नक्कल घेणार, सोमवारी सकाळी नवीन साइट उघडणार. मधल्या वेळात जुन्या साइटवर कुणी एक अक्षर लिहायचं नाही. जे लिहाल ते तिथंच राहील, इकडं येणार नाही." मी हे अण्णांना समजावलं. तात्यांना समजावलं. टेम्पोचं उदाहरण देऊन समजावलं! "अण्णा, टेम्पो निघून गेल्यावर जुन्या घरात कुणी सोफा आणून ठेवला, तर तो नव्या घरात आपोआप उगवेल का?" "न्हाई." "मग नोंदणी बंद. कळलं?" "व्हय, कळलं की." शनिवारी मी साइटवर 'काम चालू आहे' अशी पाटी लावली, नोंदणीला कुलूप घातलं. त्या कुलपाचा पासवर्ड दोघांकडेच, एक मी आणि एक अण्णा. का दिला अण्णांना? तर मी आजारी पडले, मेले, पळून गेले, तर काम अडू नये म्हणून! विश्वास हो, विश्वास!

आता मी तारीख कशी काढली? परीक्षा बघितल्या, कंपन्यांच्या सुट्ट्या बघितल्या, लाइट जायचा वार बघितला. बघितलं नाही ते फक्त पंचांग! रविवारी निघाली अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला एक! वधू-वर मंडळाच्या कमिटीला त्या दिवशी नोंदणी करू नका सांगणं म्हणजे... सराफाला त्या दिवशी दुकान बंद ठेव सांगण्यासारखं. पण मला कुणी बोललं का? "पोरी, त्या दिवशी मुहूर्त हाय, तारीख बदल," एवढं एक वाक्य? एक दिवस पुढं ढकललं असतं, संपलं! नाही. मला सांगायचं नाही. मला काय सांगितलं माहितीये? रविवारी सकाळी अण्णा इतके प्रेमानं बोलले, इतके प्रेमानं... "पोरी, लई राबलीस. जा, चाकणला मामाकडं आमरस खाऊन ये. लॅपटॉप ठेव घरी." माझे डोळे भरून आले हो! म्हटलं, बघा, बापाला मुलीचे कष्ट दिसतात. मी तिथं तीन वाट्या आमरस खाल्ला. आणि इथं माझा बाप मंडळाच्या खोलीत हार घालून, नारळ फोडून, माझं कुलूप उघडत होता! परक्यानं केलं असतं ना, तर...

सोमवारी नवीन साइट उघडली. काय सांगू! फोटो म्हणजे टिचकीसरशी, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दाढीसकट. दुपारपर्यंत नऊ नवे सभासद आले, सभासद क्रमांक अठराशे एकसष्ट ते एकोणसत्तर. मी उझ्माला पेढ्याचा फोटो पाठवला. आणि मंगळवारी तात्यांचा फोन! "पूनम, आमच्या जयदीपची नोंद केल्ती आमी रविवारी, म्हूर्तावर. कुठं गेली? उडाली काय?" "रविवारी? रविवारी नोंदणी बंद होती, तात्या." "बंद कशी? तुझ्या अण्णांनीच चालू करून दिली की. आमी त्रेचाळीस नोंदी केल्या! मला काय ते सोफ्याचं सांगू नगंस."

मी जुना सर्व्हर उघडून बघितला. होत्या! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तिथं बसलेल्या, क्रमांक अठराशे एकसष्टपासूनच! म्हणजे तेच नंबर दोन-दोन माणसांना. उझ्मा म्हणाली, "आता पुन्हा नक्कल उचलता येणार नाही, एकमेकांवर चढतील. हातानं भर बाई एकेक." अण्णांना विचारलं, तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, "अगं, म्हूर्त काय सर्व्हरसाठी थांबतोय व्हय?"

बसले भरायला. आणि पहिलीच नोंद, रविवार, सकाळी दहा वाजून चौदा मिनिटं, तात्यांच्या जयदीपच्याही आधीची... नाव वाचलं आणि बोटं थांबली. पूनम सोपानराव. मी! मी हो!

दोन वर्षांचा शब्द! देवघरासमोर! आणि भरलं काय होतं? उंचीत दोन इंच वाढवलेले. व्यवसाय: घरीच असते. छंद: संगणक. अपेक्षा: वडील सांगतील. आणि स्वभाव... स्वभाव: शांत! फोटो उझ्माच्या भावाच्या लग्नातला, त्यातून उझ्माला कापून टाकलेलं, पण तिचा मेंदीचा हात तेवढा माझ्या खांद्यावर राहिलेला, नुसता हात! परक्यानं केलं असतं ना, तर पोलिसांत दिलं असतं मी!

मग मी काय केलं? बेचाळीस भरल्या. आणि ती एक... राहिली. माझ्याकडून राहिली, बस.

गुरुवारी कमिटीची बैठक. काम कायमचं कुणाला द्यायचं ते ठरणार. भिंतीवर प्रोजेक्टर, लॅपटॉप माझा, समोर पंचवीस माणसं. तात्यांनी मोजायला सांगितलं. "बेचाळीसच हाईत की! एक कुठं गेलं?" झालं! मागून धोंडीबा काका: "आपली वही बरी व्हती." शालनबाई: "वहीतलं कधी हरवलं न्हाई बाई." तात्या: "कुणाच्या तरी लेकराचं स्थळ हाय ते पोरी, गंमत न्हाई. एक हरवलं, उद्या शंभर हरवतील. बाहेरचा माणूस बघावा लागंल."

आणि त्या खोलीत एक माणूस असा होता ज्याला नक्की माहीत होतं की ते त्रेचाळिसावं लेकरू कुणाचं! मी बघितलं अण्णांकडे. म्हटलं, आता बोलतील. आता म्हणतील, "ती नोंद माझी व्हती, ऱ्हाऊ द्या." अण्णांनी पंख्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग अगदी मायेनं म्हणाले, "सापडंल गं. नीट बघ जरा."

परक्यानं केलं असतं ना...

काय करणार? नोंद नाही सापडली तर मी बेजबाबदार, काम गेलं, आणि काम गेलं की दोन वर्षं गेली. सापडली तर... बसले. पंचवीस माणसांसमोर, भिंतीएवढ्या अक्षरांत, स्वतःच्या हातानं स्वतःची नोंद भरायला बसले. 'घरीच असते' खोडून 'संकेतस्थळ व्यवस्थापक' लिहिलं, तेवढा सूड! तात्या मोठ्यानं वाचत होते, "स्वभाव... शांत," आणि शालनबाईंना असा ठसका लागला की पाणी आणावं लागलं.

"भरली!" तात्या खूश. "त्रेचाळीस पुरं! पोरगी हुशार हाय, कामाची हाय. येबसाइटचं काम आजपासनं पूनमकडं. लिवा ठराव!" टाळ्या! सगळ्यांत मोठ्या अण्णांच्या. माझ्याही डोळ्यांत पाणी, कशाचं ते विचारू नका. चिटणीस म्हणून ठराव अण्णांनीच लिहिला, मी सहीसाठी वाकले आणि वाचला: 'सदर काम कु. पूनम हिच्याकडे सोपवण्यात येत आहे... तिचे लग्न जमेपर्यंत.'

आज सकाळपर्यंत सतरा स्थळं आलीत. सगळ्यांचे फोटो एका सेकंदात उघडतात.