सातवं सूत्र आणि त्यावरचं भाष्य

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि ग्रंथालय-मित्रमंडळाच्या आधारस्तंभ श्रीमती अर्नेस्टीन गॅडलॉक, व्यासपीठावर विराजमान झालेले विभागीय पर्यवेक्षक श्री. लमार अ‍ॅस्क्यू, सत्कारमूर्ती मिस व्हर्डेल पेटवे, पीच कॉब्लर या गोड पक्वान्नाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या वेळेवर येऊन धरणाऱ्या दूरदर्शी भगिनींनो, आणि त्यामुळे मागे उभं राहावं लागलेल्या बंधूंनो,

मेम्फिसच्या या शाखेत मिस व्हर्डेल एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. त्यांच्याविषयी बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. वार्ताहराची दहा मिनिटं प्रस्तावनेतच जातात, म्हणून मी एकाच पुस्तकाची गोष्ट सांगणार आहे. श्री. अ‍ॅस्क्यू, खुर्चीत असे सरसावून बसू नका. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, आणि तीत तुमचं फारसं वाईट होत नाही.

श्रीमंत पुरुषाला वश कसं करावं याची शंभर सूत्रं सांगणारं ते पुस्तक. मुखपृष्ठावर सोनेरी केसांची बाई, हातात उंच पेला. आत मात्र एक प्रकरण खास कृष्णवर्णीय वाचकांसाठी. त्याचा मथितार्थ असा, की पडद्यावर पुरुषांनी तुम्हाला कायम भांडताना पाहिलंय, मान वेळावून बोट नाचवताना पाहिलंय, नाहीतर दुसऱ्याच्या घरी भांडी घासताना. तेव्हा आपण तशा नाही हे आधी सिद्ध करा, मग पुढचं बोलू. त्यातलं सातवं सूत्र होतं: तोंड मिटून हसा.

चित्र एकानं रंगवायचं आणि ते पुसत दुसरीनं बसायचं, हा कुठला न्याय? मी लहानपणी पाठशाळेत तर्कशास्त्र घोकलंय, पण मला तो अजून उमगलेला नाही.

लेखासाठी म्हणून मी हे पुस्तक मागितलं, तेव्हा मिस व्हर्डेलनी चष्म्यावरून पाहिलं आणि "स्वतःसाठी का?" एवढंच विचारलं. पुस्तक उघडलं आणि मी थक्क झालो. समास शिसपेन्सिलीनं काठोकाठ भरले होते. इथल्या चर्चमध्ये प्रवचनकाराला एकट्याला बोलू देण्याची पद्धत नाही, प्रत्येक वाक्याला बाकांवरून उत्तर येतं. (आत्ताही तिसऱ्या रांगेतून 'बरं, मग?' आलंच.) मग पुस्तकालाच कोण एकटं बोलू देणार? आमच्याकडे, भारतात, आचार्य सूत्रावर भाष्य लिहीत, भाष्यावर टीका, आणि टीकेवर टिपण. इथे तेच चाललं होतं, फक्त आचार्य बसवर ड्युटी करून आलेले होते. 'तोंड मिटून हसा' याखाली एका हातचं भाष्य: 'हे दात मी ओव्हरटाइम करून बसवलेत, दाखवणार.' त्याखाली दुसऱ्या हातचं: 'बिल पण दाखव गं.'

पण त्याच पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, कुणीतरी खरोखरच विचारलं होतं. 'मी हे सगळं केलं. तो भेटला. श्रीमंत आहे, वाईट नाही. म्हणतो, तू किती शांत आहेस, टीव्हीवरच्या त्या बायकांसारखी नाहीस. सहा महिने झाले. काल आईच्या घरी सगळे हसत होते, आणि माझं तोंड आपोआप मिटलं. जूनमध्ये लग्न आहे. काय करू?'

एप्रिलमध्ये श्री. अ‍ॅस्क्यू तपासणीला आले. तेव्हा ते नवीन होते, आणि नव्या अधिकाऱ्याला नियमावली तोंडपाठ असते. लिहून खराब केलेलं पुस्तक रद्द करावं, आणि ते जाणूनबुजून फिरवणाऱ्या ग्रंथपालाला लेखी ताकीद द्यावी. "शुक्रवारपर्यंत पुस्तक माझ्या टेबलावर पाहिजे," असं सांगून ते निघू लागले. मी शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत होतो. त्यानंतर अर्थातच वाचत नव्हतो.

मिस व्हर्डेल म्हणाल्या, "त्यात एका वाचकाचा प्रश्न आहे, मिस्टर अ‍ॅस्क्यू. उत्तरं आली आहेत, तिनं अजून वाचलेली नाहीत."

"मग फोन करून बोलवा तिला."

"कुणी कुठलं पुस्तक नेलं हे मी कुणाला सांगत नाही."

"अहो, तिचं तिलाच सांगायचंय."

"फोन कोण उचलेल, ते तुम्हाला माहीत आहे का?"

श्री. अ‍ॅस्क्यूंना माहीत नव्हतं. पण शुक्रवार तो शुक्रवारच, असं म्हणाले आणि गेले. ताकीद मिळाली असती तर इतक्या वर्षांच्या सेवेवरचा तो पहिला डाग ठरला असता. मिस व्हर्डेलना त्याचं फारसं वाटत नसावं. त्या दारात कोण येतंय तेवढं पाहत होत्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. मग बुधवारी त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी खरवडून काढली, नवी डकवली, आणि नोंदीत ते 'स्वयंविकास' मधून उचलून 'स्थानिक इतिहास, हस्तलिखितं' या विभागात टाकलं.

यातलं कसब तुमच्या ध्यानात आलं का? त्या विभागात हाताचं लिखाण हा दोष नसतो, तोच तर ऐवज. आणि तिथलं काही रद्द करायचं तर समितीची बैठक लागते. ही समिती नऊ वर्षांत भरलेली नाही, आणि तिचे दोन सभासद तर देवाघरी गेलेत.

शुक्रवारी पुस्तक न्यायला आलेल्या श्री. अ‍ॅस्क्यूंनी नवी चिठ्ठी वाचली. मग उभ्या उभ्या ते पान वाचलं. मग खुर्ची ओढून घेतली आणि पुन्हा वाचलं. जाताना म्हणाले, "माझ्या बहिणीचं अक्षर असं नाही ना, एवढंच बघत होतो." ताकीद त्यांनी लिहिली नाही. आज ते व्यासपीठावर आहेत ते केवळ पदामुळे नव्हे.

प्रश्न विचारणारी ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली. नाव मला ठाऊक नाही, आणि ती इथे बसली असेल तर कृपा करून माना वळवू नका. तिनं जुन्या कपाटात पाहिलं, पुस्तक दिसेना, तेव्हा तिचा चेहरा उतरला. मिस व्हर्डेलनी ते तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः उगाच नोंदीची कार्डं लावत बसल्या. तळाशी सात जणींची उत्तरं होती. एकीनं लिहिलं होतं, सोड त्याला. थरथरत्या अक्षरात एका आजीबाईंनी लिहिलं होतं, 'बाळा, माझा नवरा तर श्रीमंतही नव्हता, तरी मी दोन वर्षं हळू हसले. फुकट गेली.' आणि शेवटचं: 'सोडू नकोस एवढ्यात. आधी त्याच्यासमोर पोटभर हस. मग बघ, कोण कुणाला सोडतं.'

हे वाचून ती हसली. पूर्ण तोंड उघडून, छपराला लागेल असं. वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली. कुजबुज केली म्हणून या शहराच्या महापौरांनाही गप्प बसवलेल्या बाईंकडे मी पाहिलं. त्या कार्डं लावत होत्या.

मग तिनं पेन्सिल मागितली. मिस व्हर्डेल म्हणाल्या, "आता यात लिहिता येत नाही, बाळा. हा इतिहास आहे."

म्हणून तिचं उत्तर त्या पुस्तकात नाही. ते तिनं त्याच संध्याकाळी कुणासमोर दिलं असेल, आणि किती मोठ्यानं, ते तिचं तिला ठाऊक.

मिस व्हर्डेल, तुम्हाला आरोग्य लाभो. आयोजकांचे आणि कॉब्लर करणाऱ्या हातांचे मी आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचं गुपित माझ्याकडून निसटलं असेल, किंवा दहाची पंधरा मिनिटं झाली असतील, तर उदार मनानं पदरात घ्या. आणि ज्यांना हसायचं असेल, त्यांनी माझी वाट पाहू नये.