चक्कर घेऊन निवडलेली साईज

छाती मोठी कराची सर्जरी मी कशी केली, हे तुम्ही मागे लागून विचारून राहिल्या, तं ऐका. खरी गंमत साईज निवडण्यात झाली.

कथक शिकवते मी. दोन लेकरांनंतर छाती पार उतरली होती. वर्गातल्या आरशासमोर उभी राहिली की आपोआप खांदे पडाचे. शेवटी समता कॉलोनीतल्या एका हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत मोठी नणंद, मंदाताई.

डॉक्टरांनी मापं घेतली अन् इम्प्लांटचे वेगवेगळ्या साईजचे नमुने ब्रामध्ये घालून पाहाले दिले. मंदाताई लगेच म्हणाल्या, "मोठेच घे वं! एवढं करून राहिली तं लोकाइले दिसलं पाहिजे."

"ताई, लोकाइसाठी नाही करून राहिली. मले नाचाचं आहे."

तरी त्यांच्या शब्दाखातर मोठे घातले अन् तिथंच कथकची चक्कर घेतली, गर्रकन. एक नमुना निसटला तो थेट ताईंच्या मांडीवर! ताई किंचाळल्या, डॉक्टर पोट धरून हसल्या.

मग मधल्या साईजचे घातले. एक चक्कर, लगेच दुसरी. तोल ढळला नाही, अन् आरशात मीच दिसली, दुसरी कोणी नाही.

"हेच!" मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाल्या, "बिल्कुल सही. आपकी छाती की चौड़ाई के लिए भी यही ठीक है."

सर्जरी झाली, जखमा भरल्या, डॉक्टरांनी नाचाले हव म्हटलं. वर्गातल्या पोरींच्या कार्यक्रमात यंदा मीही उतरली. इतकी वर्षं स्टेजवर जाताना ओढणी छातीवर पसरून पिना लावाची. यावेळी ती कमरेला कसली, अन् खांदे ताठ करून गेली.