मेमूचं मॉडेल

मला रेल्वेगाड्यांचं लई वेड. विजेवर धावणाऱ्या मेमू गाडीचं छोटं मॉडेल येणार म्हणून कळलं, तशी जळकोटहून एसटीनं नांदेडचं खेळण्यांचं दुकान गाठलं. दुकानदारानं चित्र दाखवलं.

"पुढच्या महिन्यात येईल, मावशी. नातू केवढा हाय?"

"नातवाला न्हाई, मलाच पाहिजे."

तो हसला. "हे शौकीन लोकं घेतेत. यातलं तुम्हाला काय कळतंय?"

मी चित्रावर बोट ठेवलं. "मग शौकिनांना विचारा, टपावर पेंटोग्राफ कुठं हाय? वरच्या तारेतली वीज गाडीत येणार कशी?"

त्यानं चष्मा लावून दोनदा बघितलं. मग बुकिंगची वही उघडली. "मिस्टरांचं नाव सांगा."

म्हणलं, "माझं लिहा. अन् सगळ्यांच्या वर लिहा."