बावीस नंबरचा गॅस

मी मूळची शहाडची, ताई. नदीच्या अंगाला घर, बापूस भात लावायचा आनि शेतीचं काम सरलं का कारखान्यात हमालीला जायचा, आयस भाजी घेऊन कल्यानच्या बाजारात बसायची, तिच्या बाजूला मी. दहावी झाली, पुढं कोनी शिकवलं नाय, आनि खरं सांगायचं तर मी पन हट्ट धरला नाय. लगीन झालं रमाकांतशी. आता तुमी लिहिताय म्हनून नाव घेतलं, नायतर मी ह्यांना हे असंच म्हनते.

हे तवा वागळे इस्टेटमधे कामाला होते. एका वर्कशॉपमधे औषधवाल्यांची, आइस्क्रीमवाल्यांची मोठी थंड खोल्यांची मशीनं दुरुस्त व्हायची, तिथं हे हेल्परपासून चढत चढत मेकॅनिक झालेले. मंग ते वर्कशॉप बंद पडलं, त्या जागेवर काचेची बिल्डिंग उभी राहिली, आनि ह्यांनी कल्यान पूर्वेला गाळा घेतला, फ्रीज-एसी रिपेरिंगचा. मी आधी नुसती फोन घ्यायला बसायची. मंग फिल्टर धुवायला लागली, मंग पाईप धरायला, आनि मंग ह्यांच्याबरोबर लोकांच्या घरीच जायला लागली, कारन घरात बाई एकटी असली का बरोबर बाईमानूस आलेलं तिला बरं वाटायचं. स्कूटरवर आमी दोघं, मधे सिलिंडर, माझ्या खांद्याला हत्यारांची पिशवी. गल्लीतले हसायचे, बघा निघाली जोडी म्हनायचे. काय सांगू तुमाला, चांगले दिवस होते ते, आता म्हनते चांगले, तवा नुसती धावपळ वाटायची.

ह्यांचं काम कानाचं आनि हाताचं. मशीन चालू करून पाईपवर हात ठेवायचे, म्हनायचे दे वनिता थोडा, मी कॉक फिरवायची, अजून थोडा, बस म्हनाले का मी बंद करायची. दाबाचा काटा बघितला तर बघितला. तवा घरोघरी एकच गॅस, बावीस नंबर. त्याचं एक बरं होतं, तो पेटत नाय. पाईपमधला उरलेला गॅस लोक खोलीतच सोडून द्यायचे, वर लगेच जोड लावायची बत्ती पेटवायचे, कोनाला काय वाटायचं नाय, सगळेच करायचे.

मंग ऐकायला यायला लागलं का हा गॅस वर जातो आनि उन्हातलं वाईट अडवनारं जे आभाळात पांघरून हाय ते खातो, म्हनून जगभर तो बंद करायचं ठरलंय. नवीन एसी दुसऱ्या गॅसवर यायला लागले, मंग त्याचा पन नंबर बदलला, मंग बत्तीस नंबर आला, तो पेट घेऊ शकतो, आनि काही मशीनं तर आपल्या शेगडीच्या गॅसच्या जातभाईवर चालायला लागली. जुन्या मशीनमधे नवा गॅस भरता येत नाय, दाब वेगळा, आतलं तेल वेगळं. हे म्हनाले, कंपन्यांची नाटकं हायत, मशीनं खपवायची हायत त्यांना. मी म्हनले, असतील नाटकं, पन बावीस बाजारात मिळेनासा झालाय त्याचं काय.

ठान्याला नवीन गॅसचं ट्रेनिंग होतं. माझ्याच आग्रहानं हे गेले, आनि जेवायच्या सुट्टीत परत आले, डबा तसाच भरलेला. संध्याकाळी म्हनाले, तिथला शिकवनारा सांगतो हाताचा अंदाज विसरा, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवा आनि मोजून गॅस भरा. मी म्हनले, अवो मंग मोजायचा, त्यात काय जातंय. तर म्हनाले, तुला एवढी हौस हाय तर तू जा. रागात म्हनाले, ताई, पन मी गेली.

त्या वर्गात बाई मी एकटीच. पयल्या दिवशी मागं बसली, नंतर पुढं बसायला लागली. खिडक्या-दारं उघडल्याबिगर काम नाय, आधी सगळा गॅस काढून घ्यायचा, पाईपमधून नायट्रोजन फिरवायचा, मंगच बत्ती पेटवायची, हे सगळं मला पटत गेलं. मला ते आवडलं, हे पन सांगते. घरी येताना वाटायचं कधी ह्यांना सांगते, आनि घरी आली का हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मंग मी पन सांगायची सोडून दिली. मंग आपोआप वाटनी झाली, नवीन मशीनं माझी, जुनी ह्यांची. दुसरी स्कूटर आली. एका गाळ्यातून सकाळी दोघं निघायचो, हे एकीकडं, मी एकीकडं.

डोंबिवलीला पेंडसेबाई म्हनून हायत, शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. त्यांचे मिस्टर लकव्यानं अंथरुनाला खिळलेले, आमी त्यांना काका म्हनतो. त्यांच्या खोलीतला एसी जुना, तो कायम ह्यांनीच सांभाळलेला. ऐन उन्हाळ्यात त्याचा पाईप लीक झाला. ह्यांनी बाजारातून कुठूनतरी बावीसचा सिलिंडर मिळवलेला, वर चिकटवलेली पट्टी पन बावीसचीच, मशीनमधे आधी पन त्यातलाच भरलेला. मी त्या दिवशी ठान्याला होती. दुपारी बाईंचा फोन आला, वनिता, घाबरू नकोस, रमाकांतना थोडं भाजलंय, तू ये.

दवाखान्यात बाईंनी सांगितलं. काकांना झळ लागू नये म्हनून खिडकी बंद होती. ह्यांनी नेहमीसारखा गॅस खोलीत सोडला, बत्ती पेटवली, आनि भक्कन जाळ उठला, पडदा पेटला, ह्यांचा हात कोपरापासून भाजला, भुवया गेल्या. बाई म्हनाल्या, अगं, मी नुसती उभी राहिले, मला काही सुचेना, रमाकांतनीच ह्यांना चादरीसकट उचललं आणि जिन्यात नेऊन ठेवलं, तसल्या भाजलेल्या हातानं, मग मी बादलीनं पडदा विझवला. काकांना साधं खरचटलं पन नव्हतं.

हे खाटेवर पडलेले, हाताला पांढरी पट्टी. मला बघितलं आनि म्हनाले, वनिता, बावीस पेटत नाय गं. मी म्हनले, नाय पेटत. परत म्हनाले, बावीस पेटत नाय. मी म्हनले, तो बावीस नव्हताच, पट्टी खोटी होती, आत दुसराच स्वस्तातला पेटनारा गॅस होता. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. बाई म्हनाल्या, रमाकांत, तुम्ही होतात म्हणून हे वाचले. शिव्या घातल्या असत्या ना बाईंनी, तर ह्यांना सोपं गेलं असतं.

हात बरा झाला, डाग राहिले. बाईंनी नवीन एसी घेतला, बत्तीसवाला, म्हनाल्या तुम्हीच बसवायचा. आमी दोघं गेलो. ह्यांनी मशीन जिन्यानं दारापर्यंत आनलं, खाली ठेवलं आनि पायरीवर बसले. मी म्हनले चला ना आत, पाईप धरा. म्हनाले, तू कर, मी बसलोय हितं. मी खिडक्या उघडल्या, वजनकाटा मांडला, काम केलं. बाईंनी चहा बाहेर पायरीवर नेऊन दिला. आत काका खुनेनं इचारत होते, रमाकांत कुठंय.

त्यानंतर ह्यांनी एसीला हात लावला नाय. गाळ्यावर पंखे करतात, मिक्सर करतात, कूलर करतात. कामाला कमी नाय, खायला हाय. मी घरी आली का भात झालेला असतो, मासे आनले असतील तर कालवन पन तेच करतात. उशीर झाला का इचारतात, ऊन लागलं का इचारतात. मशीनला काय झालेलं, ते मात्र इचारत नाय. आधी जेवता जेवता तेच बोलायचो आमी, ताई.

आता अजून नवीन गॅसचं काय काय ऐकू येतंय, परत ट्रेनिंग येईल, मी जाईन. ज्यानं ती खोटी पट्टी लावली त्याला मी शाप देत नाय, देव त्याला अक्कल देवो, त्याच्या पन घरी कोन झोपून असंल. हे बघा, येतायत चहा घेऊन. त्यांच्यापुढं ह्यातलं काय इचारू नका हां. कालवनाचं इचारा, मनापासून सांगतील.