कंप्युटरने जोडलेली दोन घरं

नाही पण मला सांगा, चुका पकडायला शिकलेल्या माणसाने चुका पकडू नयेत तर काय करावं... तुम्हाला सांगतो, दोन वर्षं कॅनडात मी हेच शिकलो, उपग्रहाच्या फोटोतून कंप्युटर घरं, झाडं, खाडी वेगवेगळी करतो आणि त्याने ती कितपत बरोबर केली ते मी तपासतो, चुकला की मार्क कापतो, एका घराचे दोन तुकडे केले की चूक, दोन घरं एकात कोंबली की चूक, आणि खरं काय ते ठरवतो कोण, तर मी, तिकडे बसून हाताने आखलेल्या नकाशावरून. चूक पकडणं हे माझं काम.

परत आलो तो गावासाठी. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये आमची घरं नकाशावर नीट दिसायला नकोत का, नाहीतर उद्या कोणीतरी मोकळी जागा म्हणून कुंपण घालेल... म्हणून रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावला, अख्खं गाव बसलेलं, आणि मी जोशात, "बघा, इथे कंप्युटर नापास. आमचं घर आणि शेजारच्या गुणाजीकाकांचं, मध्ये एवढं मोठं अंगण, आणि याने केलंय काय, दोन्हींवर मिळून एक निळं छप्पर. मी बसल्या जागी पकडलं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, भारावले.

माझी बहीण ऑड्री मागून म्हणाली, "फोटो कधीचा रे?"

"गेल्या मे महिन्यातला."

"तारीख वाच ना."

वाचली... मग परत एकदा वाचली.

"मांडव आहे तो, लिओनेल. माझ्या लग्नाचा. आपल्या अंगणात माणसं मावेनात म्हणून काकांच्या घरापर्यंत ताडपत्री ओढलेली."

आता मी लग्नाला का नव्हतो हे सांगायलाच हवं का... सुट्टी मिळत नाही असं कळवलेलं. मिळत होती हो. पण त्याच आठवड्यात मला तिकडच्या एका परिषदेत निबंध वाचायचा होता, कंप्युटरच्या चुकांवर. चूक पकडणं हे माझं काम ना.

ऑड्री खाली बघत बसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. शेवटी गुणाजीकाकाच म्हणाले, "जाऊ दे गं पोरी, याचा कंप्युटर तरी आलता ना लग्नाला."

सगळे हसले. ऑड्री सोडून.

घरी जाऊन कंप्युटरचा कापलेला मार्क परत दिला. चुकांच्या यादीतली ती चूक मात्र खोडली नाही, काम आहे ना माझं ते... नुसतं तिच्यापुढचं कंप्युटरचं नाव काढून माझं लिहिलं.