राजकुंवरचे मासे

…नाही, पण मला सांगा, डाळीचा व्यापार करणाऱ्या माणसानं मासे पाळावेत का? त्यात आम्ही जैन! लोक फाटकातून डोकावून विचारतात, "भिकमचंदशेठ, काय बेत आहे?" बेत कसला? बघायचे आहेत बाबांनो, नुसते बघायचे! माझ्या बायकोला, राजकुंवरला, अर्धांगवायूचा झटका आला, ती खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिली, बोलेना, हसेना… तर आमच्या मुलानं, मनननं, मेहरूण भागातल्या आमच्या घरी खिडकीखाली तळं बांधून घेतलं, केशरी मासे सोडले, आणि तुम्हाला सांगतो, ती हसली हो!

तळं आलं म्हणजे पंप आला, फिल्टर आला. ते बसवणारा हितेंद्र धुळ्याकडचा. म्हणाला, "शेठ, पानी फिराले जोयजे! नाहीतर मासा मरी जाई." फिरायला पाहिजे? फिरव बाबा! पाणी फिरलं, काचेसारखं झालं… आणि एका सकाळी एक मासा पंपाच्या तोंडाला चिकटलेला. मेलेला. तिनं खिडकीतून पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. "आपल्या घरात जीव गेला," एवढंच बोलली. दुपारी जेवली नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही उपास! आधीच अंगात काय उरलंय तिच्या? मी घाबरलो, खरं सांगतो.

मग मी डोकं चालवलं! आम्ही पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळतो, बारीकसा जीवही मरू नये म्हणून. तेच कापड पंपाच्या तोंडावर घट्ट बांधलं. आता मासा काय, किडाही आत जाणार नाही! नाहीच गेला. पाणीही गेलं नाही. कापड शेवाळानं बंद, पंप कोरडाच घुमला, जळला, आणि मासे वर येऊन आ करताहेत… हितेंद्र हजर! "शेठ, मी काय सांगेल व्हतं? पानी फिराले जोयजे!"

नवा पंप आणला. त्याच्यावर या वेळी भाजीची मोठी जाळीदार टोपली पालथी घातली, वर वीट ठेवली. ओढ सगळ्या टोपलीभर पसरली, मासे जवळून खुशाल फिरायला लागले. राजकुंवर वरण-भात जेवली. मी गच्चीवर जाऊन रडलो हो… कोणाला सांगू नका.

आणि माशांना पिल्लं झाली! तांदळाच्या कणीएवढी! टोपलीच्या भोकांतून सरळ आत! तिनं माझ्याकडे पाहिलं. ताट समोर तसंच. मी उठलो आणि पंपाचं बटण बंद केलं.

पण पानी फिराले जोयजे ना! म्हणून आता तिच्या जेवणाच्या वेळी मी काठावर स्टूल टाकून बसतो, बादली बुडवतो, पिल्लू आलं नाही ना ते चष्मा पुसून बघतो, उंचावरून पाणी परत ओततो, पुन्हा बुडवतो… ती खिडकीतून बघत जेवते. माझा हात थांबला की तिचा घास थांबतो. मग काय, थांबायचं नाही!

काल मननचा पुण्याहून फोन. "बाबूजी, पंप कसा चाललाय?"

म्हटलं, "झकास चाललाय रे. फक्त रोज तेल लावावं लागतं… कमरेला."