सासऱ्यांचे मासे आणि माझा स्मार्ट प्लग

नाही, तुम्ही मला सांगा, भिंतीवर बटण असतं, दाबलं की लागतं, पुन्हा दाबलं की बंद होतं, यात काय कमी पडत होतं हो? पण नाही! मला हौस! सासऱ्यांचे सात मासे आठवडाभर आमच्याकडे पाहुणे, अंगणातल्या टाकीत, आणि त्या टाकीचा हवेचा पंप मी टाकला स्मार्ट प्लगवर. तासभर चालणार, तासभर थांबणार, सगळं आपोआप! भिंतीवरचं जुनं बटण? काढलं, बुजवलं, वरून रंगसुद्धा मारला. साधं बटण होतं हो... दाबलं की लागायचं!

तर तुम्हाला सांगतो, शेवटच्या दिवशी पाच वाजता सासरे मासे न्यायला येणार, आणि नेमका त्याच दिवशी तीन वाजता पंप चालूच होईना. मोबाइल म्हणतो, ‘उपकरण प्रतिसाद देत नाही.’ अरे, या घरात मला प्रतिसाद देतं कोण? इकडे मासे वर येऊन आ वासतायत! आणि सासऱ्यांचा जीव त्या माशांत. मुलीची पाठवणी करताना डोळे कोरडे होते, मासे सोपवताना रुमाल काढला होता!

तेवढ्यात आई बाहेर आली. “अरे, मी काय म्हणते...”

“आई, तांत्रिक काम आहे, मध्ये बोलू नकोस!”

बिचारीने तांब्या आणला, टाकीतलंच पाणी काढून उंचावरून टाकीतच ओतायला लागली. “तेवढीच हवा मिळेल त्यांना. तू चालू दे तुझं.”

चालू दे! राउटर बंद केला, चालू केला. ॲप काढलं, पुन्हा टाकलं. कंपनीला फोन लावला, तर वीस मिनिटं नुसती बासरी! मग एक गोड आवाज, “सर, प्लग राउटरजवळ आणून बघता का?” म्हटलं, “अहो बाई, तो अंगणात बसवलाय, चार स्क्रू मारून!” “मग राउटर प्लगजवळ नेता का, सर?” नेला! खिडकीतून वायर ओढून, राउटर कडेवर घेऊन उभा राहिलो अंगणात! आई आपली ओततेय... “अरे, मी काय म्हणते...” “आई!!”

“सर, आज घरात काही बदल केलात का?”

“छे! काहीही नाही!” असं म्हणतोय, तोवर कुंपणावरून शेजारचे काका, “काय हो, दुपारपासून तुमचं नेट बंद आहे का? माझी मालिका अडकलीय.”

आणि मला घाम फुटला. दुपारी अडीचलाच मी पासवर्ड बदलला होता, या काकांना हाकलायला! काका राहिले बाजूला, घराबाहेर गेला माझाच प्लग!

“हरकत नाही सर, नवा पासवर्ड देऊ. प्लगवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.”

“बटण नाहीये.”

“असतं सर. उजव्या बाजूला.”

“नाहीये म्हणतो ना! उजव्या बाजूला चिकटपट्टी आहे!”

पट्टीवर लिहिलेलं, माझ्याच सुवाच्य अक्षरात, ‘हात लावू नये.’ आई हाताने बंद-चालू करेल आणि माझं वेळापत्रक बिघडेल म्हणून मीच लावली होती!

“आणि सर, ते बटण एकदा नुसतं दाबलं तरी पंप चालू होतो. नेट लागतच नाही.”

मी आईकडे बघितलं. दीड तास ओतत होती! “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग दाबलं का नाहीस?”

“हात लावू नये लिहिलंय ना. आणि सांगायला आले, तर तुझं तांत्रिक काम.” खांदा चोळत म्हणाली हो. लाज वाटली मला, खरंच वाटली.

पट्टी ओढली, दाबलं, लागला! साधं बटण होतं हो... तिथेच होतं!

पाच वाजता सासरे आले, टाकीत डोकावले, खूष! “वा! चांगलेच तरतरीत दिसतायत! कसला पंप बसवलात, जावईबापू?” मी छाती फुगवून तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीतून तमाशा बघितलेल्या बायकोने सगळं सांगितलं. सगळं! तांब्यासकट!

सासऱ्यांनी आईला वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पुढच्या महिन्यात पुन्हा आठ दिवस बाहेरगावी चाललोय. मासे इथेच ठेवतो. विहीणबाई घरी आहेत ना? मग झालं तर. तुम्हाला कुठे फिरायला जायचं असेल, तर खुशाल जाऊन या!”